निवांत दिवस आणि वांग्यांची गोणी

शहर बघायला निघालेला खानदेशी माणूस शहर बघत नाही. तो नातेवाइकांचे फ्लॅट बघतो. कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, पाणी किती वेळ येतं, बाल्कनी बंद करून घेतलीय की उघडीच ठेवलीय, याची पाहणी करून तो परत येतो आणि गावात सांगतो, "पुणं पाहून आलो." पुण्यातलं काय पाहिलं विचारलं तर म्हणतो, "भाच्यानं मोठा टीव्ही घेतलाय." मी हे हसत लिहितोय, पण मला हसण्याचा अधिकार नाही. अजिंठ्याची लेणी माझ्या घरापासून दुपारच्या जेवणाआधी जाऊन येण्याइतकी जवळ आहेत. आलेल्या पाहुण्यांना घेऊन मी तिथं इतक्यांदा गेलोय की पायथ्याचा भेळवाला मला ओळखतो. लेणी मात्र मला ओळखत नाहीत, कारण पाहुणे वर जायचे आणि मी खाली गाडीत सीट मागं करून झोपायचो.

बायकोची गोष्ट वेगळी. ती धुळ्याची. लग्न होऊन जळगावात आली आणि माझ्यासोबत पुष्कळ शहरं फिरली. पण एकदा जेवताना आमच्या मुलीनं तिला सहज विचारलं, "आई, तुला कुठलं शहर आवडलं?" तर ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, "सुरत म्हणजे तुझ्या आत्याचा कडाप्प्याचा ओटा. पुणं म्हणजे काकूचं तुंबणारं सिंक. नाशकात दहाव्याला गेलो होतो, तिथं दोन शेगड्यांतली एकच पेटायची. आवडायचं म्हणशील तर आत्याचा ओटा बरा, उंचीला नीट आहे."

मुलगी हसली. मीही हसलो. बायको हसली नाही. तिनं ताट सारलं आणि माझ्याकडं बघून सांगितलं, "मला एकदा असं शहर दाखवा, जिथं मी कुणाच्या ओट्याला हात लावणार नाही. एक दिवस. फक्त बघायचं, बसायचं, आणि कुणीतरी आणून दिलेलं खायचं."

मागणी एवढीच होती. सोनं मागितलं असतं तर जळगावात निदान दुकानं तरी समोर आहेत.

मी पाइपच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळून निवृत्त झालेला माणूस. कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवायचा हे आयुष्यभर ठरवल्यामुळं मला असा भ्रम आहे की जगातली कुठलीही गोष्ट आखून पार पाडता येते. मी फोन घेऊन बसलो. शहर ठरलं अहमदाबाद, कारण गाडी सरळ आहे आणि तिथं आमचं सख्खं, चुलत, मावस, कुणीही नाही. बायकोनं तिथली ती दगडात कोरलेली झाडाची जाळी, सिदी सैय्यदच्या मशिदीची, कुठल्याशा साडीच्या डब्यावर पाहिली होती. तो डबा तिनं अजून ठेवलाय, त्यात सुया-दोरे असतात. ती खरी जाळी बघायची आणि संध्याकाळी नदीकाठी बाकावर बसायचं, एवढं तिचं म्हणणं.

मग मी प्रवासाचे व्हिडिओ पाहिले. त्यातली पोरं! तोंडाला माइक लावून, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून सांगतात, पहिला दिवस अगदी रिलॅक्स्ड ठेवा. आणि त्या रिलॅक्स्ड दिवसात किल्ला, बाजार, विहीर, तलाव, पतंगांचं काहीतरी, रात्रीचं खाणं, आणि मध्ये "वेळ उरलाच तर" आणखी एक देऊळ. वेळ उरायला हे लोक जेवतात कधी, अंघोळ कधी करतात, पाय चेपतात कधी? आपल्या गुडघ्यांचं यांना काय! मी त्यांना घरात बसून भरपूर नावं ठेवली आणि त्यांचीच आखणी उतरवून घेतली. फक्त त्यात "दुपारी झोप" घातली आणि तो प्लॅन माझा झाला. सकाळी हॉटेल, अंघोळ, फाफडा-जलेबी, मग जाळी. दुपारी गुजराती थाळी, झोप. संध्याकाळी नदीकाठ. बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "यात घोटाळा कुठं आहे?"

"घोटाळा नाही."

"तुम्ही केलाय म्हणजे असणार. सापडत नाहीये एवढंच."

घोटाळा माझ्या तोंडात होता.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आमचा एक कंपू आहे. फिरणं थोडं, बाकावर बसणं जास्त. हिवाळ्यात या बाकावर एकच विषय असतो, भरीत. जळगावचा माणूस डिसेंबरात दुसरं काही बोलला तर त्याला ताप आला असं समजावं. वांगी कुणाच्या शेतातली, भाजली कुणी, तेल किती, यावर तिथं अशी भांडणं होतात की बाजूनं जाणारे थांबतात. त्या बाकावर माझी एक ठाम भूमिका आहे, जी मी दर हिवाळ्यात मांडतो. भरीत हे पुरुषांचं काम. शेतात, उघड्यावर, पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, आणि बाईमाणसानं त्या चुलीपाशी फिरकायचंसुद्धा नाही. हे मी इतक्या तन्मयतेनं सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, मी जन्मापासून वांगीच भाजतोय. प्रत्यक्षात भरीत पार्टीत माझं काम ठरलेलं असतं. मी झाडाखाली सतरंजीवर बसतो आणि "आता उलटवा" असं सांगतो. शेवटी मीठ चाखतो.

त्याच बाकावर मी फुशारकी मारली. "शनिवारी रात्रीच्या गाडीनं अहमदाबादला चाललोय. दोघंच. निवांत."

शेजारी बसलेले आबा, आमच्या गल्लीतले, बामणोदकडं त्यांची शेती आहे, लगेच सरळ झाले.

"अहमदाबाद? आमचं पोरगं तिठीच तं आहे!"

झालं. अहमदाबादला आमचं कुणी नव्हतं, आबांचं होतं. आणि आमच्याकडं शेजाऱ्याचा मुलगा हा नातेवाइकापेक्षा अवघड प्रकार असतो. नातेवाइकाशी भांडण काढून टाळता तरी येतं.

"भाऊ, पोराले एवढी पिशवी देऊन देजा," आबा म्हणाले. "गाडीतून उतरले का फोन करजा. तो येऊन घेऊन जाईन."

पिशवी. या शब्दाचा आमच्याकडं आकाराशी काही संबंध नाही. पण मी मान डोलावली. पिशवीच तर आहे. घरी बायकोला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय?

गाडीच्या वेळी आबा स्टेशनवर आले. रिक्षातून आधी एक गोणी उतरली. बारदानाची, तोंड सुतळीनं शिवलेली, आतून हिरवी देठं डोकावणारी. मग बडगी उतरली, वर मुसळीसकट. मग एक भारा उतरला, आबांच्या उंचीचा, दोरीनं करकचून बांधलेला. पऱ्हाट्या.

"हे काय, आबा?"

"पोरगं शहरातलं झालं ना भाऊ. गॅसवर भाजतं ते. गॅसवर!" त्यांचा आवाज बसला, जणू पोरगं जुगाराला लागलंय. "तिठी काड्या भेटत नाहीत. म्हटलं, सोबतच देऊन देऊ."

बायको डब्याच्या दारात उभी होती. तिनं गोणीकडं पाहिलं, बडगीकडं पाहिलं, भाऱ्याकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. आणि जाऊन खिडकीशी बसली. गोणी सीटखाली गेली, भारा मावेना म्हणून दोन बाकांमध्ये आडवा ठेवला. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यावरून पाय उचलून जायचा आणि मला काहीतरी ऐकवायचा. तिकीट तपासनिसानं विचारलं, "काका, गाडीत चूल पेटवायचा विचार आहे का?"

अमळनेर गेलं. नरडाणा आलं, चहावाला येऊन गेला, तेव्हा तिनं तोंड उघडलं. माहेरचा मुलूख जवळ आला की तिच्या जिभेवर अहिराणी येते, आणि अहिराणीत ती कधी लाडानं बोलत नाही.

"बठ्ठी हौस तुमनी शे, मनी नही." सगळी हौस माझी, तिची नाही.

"अगं, तो स्टेशनवर येऊन घेऊन जाईल."

"नाही आला तर?"

"तर दारात ठेवायचं आणि निघायचं. पाच मिनिटं."

"पाणीसुद्धा प्यायचं नाही," ती म्हणाली. "पाणी घेतलं की चहा येतो. चहा आला की पोहे येतात. पोहे करायला घेतले की मी कांदा चिरायला उठते. मला माहितीय मी उठते. म्हणून सांगते, मी त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

मी शपथ घेतली. माझ्या शपथांचा साठा मोठा आहे, स्टोअर्सची सवय.

अहमदाबादला उतरल्यावर आबांच्या मुलाला फोन केला. रविवारची सकाळ. त्याच्या आवाजात उशी होती. "काका, स्टेशनवर कसले थांबता, घरीच या ना! हिला सांगतो चहा ठेवायला." मी म्हटलं, हॉटेलात ठेवतो सामान, तू तिथून घेऊन जा. पण हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसानं भारा पाहिला, गोणी पाहिली, आणि आमच्या नावाचं बुकिंग सापडायच्या आधी सांगितलं, "ये लकडी अंदर नहीं आएगी." मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की ही लकडी नाही, पऱ्हाटी आहे. त्यानं शिट्टी वाजवून वॉचमनला बोलावलं. खोली देतो म्हणाला, भारा नाही. बायको शेजारी बॅगवर बसली होती. समोरच्या दुकानात फाफडा तळला जात होता. तिचं तिकडं लक्ष होतं, आणि मला ठाऊक होतं की ती त्या कढईकडं अशासाठी बघत होती की तळणारी ती नव्हती.

रिक्षा केली. रिक्षावाल्यानं भारा टपावर बांधला. मुलाचं घर वाटेतच आहे असं मी बायकोला सांगितलं. कुठल्या वाटेत, हे तिनं विचारलं नाही. जुनं शहर मागं पडलं, नदी ओलांडली. बायकोनं मान वळवून नदी जाईपर्यंत पाहिली. मग इमारती नव्या नव्या होत गेल्या, मग इमारतींना रंगच नव्हते, मग रिक्षावालाच मला विचारायला लागला, "काका, पक्का इधर ही है?"

सामान वर चढवलं, पण बायको लिफ्टपाशीच थांबली. "मी इथंच आहे. ठेवून या."

मी बेल वाजवली. दार आबांच्या सुनेनं उघडलं. मॅक्सीवर ओढणी, हात कणकेचे, तोंडावर तो चेहरा जो आमच्या बायकोच्या तोंडावर मी सुरतेत आणि पुण्यात आणि नाशकात पाहिला होता. हसरा, आणि आत काहीतरी मोजणारा. किती माणसं, पोळ्या पुरतील का. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं.

"काकू तिथं काब्र उभ्या?"

बायकोनं कान टवकारले. "तू कोनगावनी व बाई?"

"मी पिंपळनेरनी, अक्का."

"मी धुयानी."

एवढं बोलणं झालं आणि उंबरा ओलांडला गेला. माझ्या शपथेचा निकाल धुळे जिल्ह्यानं लावला. बायको आत आली, पण सोफ्याच्या अगदी कडेला बसली, पर्स मांडीवर, चप्पल दाराच्या इतकी जवळ की पायानंच ओढता येईल. पाणी आलं. तिनं नको म्हटलं. मी प्यालो.

मुलगा आला, गोणी उसवली, वांगी बाहेर काढली. लांबट, हिरवी, वर पांढऱ्या रेषा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असं मला वाटलं, पण तो जांभई देत होता. "वा! आज भरीतच. काका, जेवूनच जायचं आता. हिला सांगतो, गॅसवर पटकन भाजून..."

इथं मी गप्प बसलो असतो तर जाळी दिसली असती. दारात चपला होत्या, खाली रिक्षा थांबवलेली होती, बायको उठतच होती. पण "गॅसवर" हा शब्द कानावर पडला आणि माझ्या आत तो बाकावरचा माणूस जागा झाला.

"गॅसवर?" मी म्हणालो. "अरे, गॅसवरचं भरीत म्हणजे भरीत नाही, नुसतं उकडलेलं वांगं. त्याला धूर लागतो, काड्यांचा धूर! आबांनी भारा कशाला पाठवला मग? आणि मिक्सर तर लावूच नका. बडगीत ठेचायचं. भरीत कसं करायचं हे शहरातली माणसं विसरली, हेच तर..."

बराच बोललो. बोलताना मला ऐकू येत होतं की मी छान बोलतोय.

मुलगा हरखला. "मग आज तुमच्या हातचंच खायचं, काका! गच्चीवर करू. आणि पुऱ्या..." तो वळला, आणि आमच्याकडं सगळे पुरुष ज्या सहजतेनं वळतात त्याच सहजतेनं माझ्या बायकोला म्हणाला, "पुऱ्यांचं काकू बघतील ना? हिच्यासोबत? काकूंच्या हातची चव इथं कुठं मिळणार."

स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आत ओटा दिसत होता. काळा, चकचकीत, उंचीला नीट.

मी बायकोकडं पाहिलं नाही. एवढी अक्कल मला होती. मी आपलं खिडकीतून बाहेर, रंग न लावलेल्या इमारतींकडं पाहिलं.

बायको उठली. मला वाटलं, आता कांदा मागते. तिनं पर्स खांद्याला लावली आणि सुनेला विचारलं, "तू पाहिलीस का ती जाळी? दगडातलं झाड?"

सून कणकेचे हात तसेच धरून उभी होती. "नाही, अक्का. लग्न होऊन आले तेव्हापासून जायचं म्हणते. पण सुट्टीच्या दिवशी कुणीतरी येतंच ना गावाकडचं."

हे ती साधेपणानं बोलली. टोमणा नव्हता.

"मग हात धू," बायको म्हणाली. "आज बडगी यांची, काड्या यांच्या. आमचे हे जळगावात बाकावर बसून सांगतात, भरीत हे पुरुषांचंच काम, बाईमाणसानं चुलीपाशी फिरकायचंसुद्धा नाही. दर हिवाळ्यात सांगतात. मी कधी मोडलंय का त्यांचं?" मग माझ्याकडं वळून, "हो ना हो?"

"हो, पण..."

"पुऱ्या पण भरिताच्याच, म्हणजे त्याही तुमच्याच."

मुलगा हसायला लागला. मग थांबला, कारण त्याची बायको खरंच हात धुवायला गेली होती. ती आतून बाहेर आली तेव्हा साडी नेसलेली होती, चांगली, घडीची. इतक्या लवकर साडी नेसलेली बाई मी लग्नघरातही पाहिली नाही.

"चाला अक्का, जाऊत."

बायकोनं दारातून मागं वळून हात पुढं केला. "प्लॅन द्या."

मी खिशातून प्लॅनचा कागद काढून दिला. खाली थांबवलेली रिक्षा माझ्या पैशानं थांबलेली होती. त्याच रिक्षात त्या दोघी बसून गेल्या.

गच्चीवर वाऱ्यानं जीव घेतला. मुलानं एक जुना पत्रा आणला, विटा मांडल्या. पऱ्हाट्या पेटायला मागत नव्हत्या, आणि पेटल्यावर विझायला मागत नव्हत्या. मी आजूबाजूला झाड शोधत होतो, सवयीनं. गच्चीवर झाड नसतं. सतरंजीही नव्हती. "आता उलटवा," असं मी एकदा म्हणून पाहिलं. मुलगा म्हणाला, "काका, मला कुठं येतंय. मीसुद्धा शेतात सतरंजीवरच बसायचो." तेव्हा कळलं की आबांनी ज्या दोन माणसांच्या भरवशावर बामणोदची वांगी गुजरातेत पाठवली, त्या दोघांनी आयुष्यात फक्त मीठ चाखलं होतं.

मी हातानं वांगं उलटवायला गेलो. बोटाला चटका बसला. चिमट्यानं उलटवलं तर फुटून निखाऱ्यात सांडलं. धूर मात्र अव्वल झाला. शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणारे खोकायला लागले, आणि जरा वेळानं जिन्यातून सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हातारे गृहस्थ, पांढरा झब्बा, हातात छडी, बोटाऐवजी दाखवायला.

"अरे भाई, आ शुं चाले छे? आग लागी?"

"नाही काका, वांगी," मुलगा म्हणाला.

"गच्चीवर पतंगाशिवाय काही चालत नाही, बोर्ड लावलाय," हे त्यांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं. मग वास घेतला. छडी भिंतीला टेकवली. वाकून पाहिलं. "ओळो करो छो?" ओळो म्हणजे त्यांच्याकडचं भरीत. "पण असा कोणी करतो? कच्चं आहे इकडून. उलटा करो!"

आणि ते आमच्या उरलेल्या विटांवर बसले. म्हणजे माझी जागा गेली. आता "उलटवा" ते म्हणत होते आणि उलटवत मी होतो. हा माणूस मला मनापासून आवडला नाही. सतरंजीवरून मी इतका असह्य दिसत असेन, याची कल्पना नव्हती.

सालं काढताना बोटं काळी झाली. बडगीत ठेचताना मुसळी उडून मिरची डोळ्यात गेली, आणि डोळा मी त्याच हातानं चोळला. सेक्रेटरींनी खालून लोटाभर पाणी मागवून माझ्या डोळ्यावर मारलं. सदरा भिजला. खाली येऊन फोडणी दिली तर कांद्याची पात सापडेना, ती सुनेनं कुठं ठेवली हे तिच्याच नवऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं तिला फोन केला. पलीकडून गाडीचा, माणसांचा आवाज आणि दोघींचं हसणं. "फ्रिजच्या खालच्या कप्प्यात," सून म्हणाली आणि फोन ठेवला. मग मी त्या चकचकीत ओट्यापाशी उभा राहून पुऱ्या लाटल्या. एक खानदेशासारखी झाली, एक महाराष्ट्रासारखी, बाकीच्यांना नकाशात जागा नाही. त्या कढईत फुगल्या नाहीत, पापडासारख्या कडक झाल्या. सेक्रेटरी घरून बाजरीचे रोटले घेऊन आले म्हणून दुपारी आम्ही जेवलो. भरीत त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि सांगितलं, पुढच्या वेळी तेल जास्त घाला. पुढच्या वेळी!

झोप? ती प्लॅनमध्ये होती, आणि प्लॅन गावात फिरत होता.

ओट्याशी उभं राहिलं की पाठीच्या कण्यात खाली एक जागा दुखते. नेमकी कुठली, हे मला त्या दिवशी समजलं. आमच्या घरचा ओटा बुटका आहे. बांधताना उंची मीच सांगितली होती, गवंड्याला, स्टूलवर बसून.

उजेड उतरायला लागला तेव्हा दोघी आल्या. हसत आल्या, दारातच आवाज चढलेले. सुनेच्या केसांत गजरा होता. बायकोच्या हातात पतंग होता, कागदी, जांभळा, कशाला घेतला देव जाणे. तिनं चपला काढल्या आणि सोफ्यावर बसली. या वेळी कडेला नाही, पाठ टेकून.

"कशी होती जाळी?" मी विचारलं.

"झाड आहे," ती म्हणाली. "डब्यावर त्यांनी पानं उगाच जास्त दाखवलीत. खरं झाड मोकळं आहे, आरपार ऊन येतं. आम्ही समोरच्या कट्ट्यावर बसून राहिलो. कुणी उठवायला आलं नाही. मग थाळी खाल्ली. तो वाढणारा इतका आग्रह करतो, इतका! मी नाही म्हणते, तो वाढतो. मला असं कुणी वाढलेलं नव्हतं कधी."

"आणि नदी?"

"नदीकाठी झोप लागली मला. बाकावर, बसल्याबसल्या. हिनं शाल टाकली अंगावर." तिनं पतंग मांडीवर ठेवला. "प्लॅन चांगला होता हो तुमचा. निवांत."

मी ताट वाढलं. भरीत, रोटला, बाजूला कडक पुरीचा तुकडा, शोभेला. ताट तिच्या हातात दिलं. तिनं भरीत चाखलं. मी, सून, आबांचा मुलगा, तिघं तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"धूर लागलाय," ती म्हणाली.

मला हायसं वाटलं.

"साल पण लागलंय."

पण तिनं ते सगळं खाल्लं, बोटं पुसून घेतली आणि ताट बाजूच्या टीपॉयवर ठेवलं. मी वाट पाहिली. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिच्या गुडघ्यांना एकदा उठायची उबळ आली, ते मी पाहिलं. तिनं गुडघ्यांवर हात ठेवले आणि ती बसून राहिली. सून उठायला लागली तर तिनं तिलाही मनगटाला धरून खाली बसवलं, आणि दोघी फोनवरचे फोटो बघायला लागल्या.

ताट टीपॉयवरच होतं. आबांचा मुलगा छताकडं बघत होता. शेवटी मी उठलो, ताट उचललं, आत नेलं. सिंकमध्ये जळकी कढई होती, वांग्याच्या सालींनी पाणी तुंबलं होतं. मी बाही वर केली.

बाहेरून बायकोचा आवाज आला. "अहो, उद्या आम्ही दोघी ती पायऱ्यांची विहीर बघायला जातोय. तुमच्याकडची वांगी उरलीत ना?"

उरली होती. अर्धी गोणी.